पाहुण्यांची मुंबई

१९११ सालच्या २ डिसेंबरला राजे पाचवे जॉर्ज आणि राणी मेरी अपोलो बंदरावर उतरले, तेव्हा तिथे गेटवे ऑफ इंडिया नव्हता. स्वागतापुरता उभारलेला एक तात्पुरता मंडप होता. पक्क्या कमानीची पायाभरणी ३१ मार्च १९१३ रोजी झाली, जॉर्ज विटेट यांच्या आराखड्यावर १९१४ च्या ऑगस्टमध्ये मोहोर उमटली, मग समुद्रात भर घालून जागा तयार करण्यात कित्येक वर्षं गेली आणि ४ डिसेंबर १९२४ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांच्या हस्ते कमान खुली झाली. ज्यांच्या आगमनासाठी ती बांधली ते येऊन गेल्याला १३ वर्षं उलटली होती.

मुंबई पाहायला येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाच्या यादीत आज हीच कमान पहिली असते. आणि यादीतली बाकीची नावं वाचत गेलं तर एक गोष्ट लक्षात येते. या शहराने निव्वळ पाहण्यासाठी म्हणून फार थोडं बांधलं. टेकडीवरची बाग पिण्याच्या पाण्याच्या टाकीवर उभी आहे. बोरीबंदरची देखणी इमारत म्हणजे रेल्वे कंपनीची कचेरी आणि स्टेशन. मरीन ड्राइव्ह हा भराव घालण्याच्या एका फसलेल्या योजनेतून हाती आलेला तुकडा. या कामाच्या जागांना पाहण्याच्या जागा केलं ते गावाकडून आलेल्या पाहुण्यांनी आणि त्यांना हाताला धरून फिरवणाऱ्या चाकरमान्यांनी.

रेल्वे येण्याआधी मुंबईत पाहण्यासारखं म्हणजे मुख्यतः देवदर्शन. मुंबादेवी, महालक्ष्मी, माहीमचा दर्गा आणि तिथली जत्रा, आणि मलबार टेकडीच्या टोकाला वाळकेश्वर. पोर्तुगीज काळात उद्ध्वस्त झालेलं वाळकेश्वराचं देऊळ १७१५ मध्ये रामा कामती या सारस्वत व्यापाऱ्याने पुन्हा बांधलं. शेजारचा बाणगंगेचा तलाव तेव्हाही लोकांना नवलाचा वाटत असणार, कारण खारा समुद्र हाकेच्या अंतरावर असून तलावाचं पाणी गोडं आहे.

हे चित्र १० वर्षांत पालटलं. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली आणि १८६३ मध्ये बोरघाटातला लोहमार्ग पुरा झाला. पुण्याहून मुंबईला यायला जिथे दिवस मोडायचे तिथे आता काही तास पुरू लागले. कोकणातले लोक आधीपासून गलबतांनी आणि पुढे आगबोटींनी येतच होते. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य यांनी बांधलेल्या भाऊच्या धक्क्यावर पिढ्यान्‌पिढ्या कोकणी माणसाने मुंबईतलं पहिलं पाऊल टाकलं. घाट आणि कोकण अशा दोन्ही बाजूंनी माणसं येऊ लागली आणि नेमक्या १८६३ सालीच गोविंद नारायण माडगावकर यांचं ‘मुंबईचे वर्णन’ प्रसिद्ध झालं. गोव्यात जन्मलेले आणि मुंबईत शिक्षकी करणारे माडगावकर या शहराकडे बाहेरून आलेल्या माणसाच्या कुतूहलाने पाहतात. देवळं, बाजार, शाळा, टांकसाळ, आगगाडी असं सगळं त्यांनी मराठी वाचकापुढे मांडलं. एका भारतीय शहराचं इतकं सविस्तर वर्णन देशी भाषेत त्याआधी क्वचितच कुणी केलं असेल.

पुस्तक छापलं गेलं तेव्हा भायखळ्याला एक मोठी बाग नुकतीच आकाराला येत होती. मुंबईने मुद्दाम पाहण्यासाठी म्हणून जे थोडं बांधलं, त्यातली ही पहिली आणि सर्वांत महत्त्वाची जागा.

या बागेची, म्हणजे राणीच्या बागेची, आणि तिच्या दारातल्या संग्रहालयाची कथा १८५७ च्या धामधुमीत सुरू होते. पश्चिम भारतातल्या शेतीचे, कारागिरीचे आणि खनिजांचे नमुने गोळा करून एक संग्रह १८५० च्या दशकात कोटातल्या टाऊन बराकीत मांडला गेला होता. उठावाच्या काळात सैन्याला जागा हवी झाली आणि संग्रहाची उचलबांगडी झाली. त्यात पुष्कळ वस्तू खराब झाल्या, काही गेल्याच. संग्रह सांभाळणारे जॉर्ज बर्डवुड हे पेशाने डॉक्टर. उरलंसुरलं वाचवून त्यांनी शहरातल्या प्रतिष्ठितांना गाठलं. डॉ. भाऊ दाजी लाड आणि नाना शंकरशेट या कामात पुढे आले आणि नवं संग्रहालय आणि बाग उभारण्यासाठी लोकवर्गणी सुरू झाली.

भाऊ दाजींची ओळख इथे करून द्यायला हवी. माडगावकरांसारखेच तेही मूळचे गोव्याचे. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या अगदी पहिल्या तुकडीतून बाहेर पडलेले डॉक्टर, गोरगरिबांना फुकट औषध देणारे, आणि त्याच वेळी जुने शिलालेख, ताम्रपट, नाणी यांच्या अभ्यासात रमणारे. जुन्या वस्तू जपून ठेवल्या पाहिजेत आणि त्या सर्वांना पाहता आल्या पाहिजेत, हे त्यांना मनापासून वाटत होतं. नाना शंकरशेट तर शाळा, रेल्वे, दवाखाने अशा शहराच्या प्रत्येक नव्या कामात होतेच.

१९ नोव्हेंबर १८६२ रोजी बाग खुली झाली आणि संग्रहालयाचा पायाही गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते त्याच दिवशी घातला गेला. दिवस फार चांगले होते. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं होतं, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला होता आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. वर्गणीच्या याद्या भराभर भरत होत्या. डेव्हिड ससून यांनी संग्रहालयासमोर घड्याळाचा मनोरा दिला. १८६५ मध्ये युद्ध संपलं, कापसाचे भाव कोसळले, शेअरबाजार बुडाला आणि काल लाखांच्या देणग्या जाहीर करणारे आज दिवाळखोरीच्या कोर्टात उभे राहिले. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये नाना शंकरशेट वारले. बांधकाम रखडलं, समितीकडचा पैसा आटला आणि पुढचं काम सरकारला हाती घ्यावं लागलं. संग्रहालयाचं दार लोकांसाठी उघडलं ते २ मे १८७२ रोजी, पायाभरणीनंतर जवळपास १० वर्षांनी. भाऊ दाजींना ते पाहायला मिळालं. त्यानंतर दोन वर्षांनी, १८७४ मध्ये, तेही गेले.

मग इथे रांगा लागल्या. मातीच्या छोट्या पुतळ्यांमधून दाखवलेल्या जातीजमाती, पगड्यांचे प्रकार, होड्यांच्या प्रतिकृती, मुंबई बेटांचे नकाशे हे सगळं ज्याला वाचता येत नाही त्यालाही पाहून कळण्यासारखं होतं. बागेची व्यवस्था पुढे महापालिकेकडे आली, पिंजरे आले, आणि वाघसिंह, हत्ती, माकडं यांनी संग्रहालयापेक्षाही जास्त गर्दी खेचली. भायखळा, लालबाग, परळ हा गिरणगाव बागेच्या अगदी शेजारी. एका खोलीत दहा-बारा माणसं राहणाऱ्या बिऱ्हाडाला सुट्टीच्या दिवशी झाडाखाली डबा सोडून बसण्याची हक्काची जागा मिळाली. गावाहून सासू-सासरे आले, भाचरं आली की त्यांना पहिल्या रविवारी राणीच्या बागेत न्यायचं हा गिरणगावातला रिवाजच पडला. सातारा-रत्नागिरीकडच्या कित्येक पोरांनी आयुष्यातला पहिला सिंह इथेच पाहिला.

संग्रहालयाच्या आवारात एक दगडी हत्ती उभा आहे. बहुतेक लोक त्याच्यापुढून सरळ पिंजऱ्यांकडे जातात. त्याच्याजवळ थांबायला हवं, कारण मुंबईच्या एका फार जुन्या प्रेक्षणीय स्थळाचा तो अवशेष आहे. घारापुरी बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर, राजबंदराजवळ तो शेकडो वर्षं उभा होता. पोर्तुगीज दर्यावर्दींना बेटावर उतरताना आधी तोच दिसला आणि त्याच्यावरून त्यांनी बेटाला एलिफंटा म्हणायला सुरुवात केली. १८६४ मध्ये त्याला इंग्लंडला नेण्याचा घाट घातला गेला. उचलताना यारी मोडली, हत्ती कोसळला आणि त्याचे तुकडे झाले. अशा तुटक्या दगडांची इंग्लंडला गरज नव्हती, म्हणून ते मुंबईत राहिले. १९१४ मध्ये ते जोडून हत्ती पुन्हा उभा केला. आज जवळ जाऊन पाहिलं की त्याच्या अंगावरचे सांधे स्पष्ट दिसतात. त्याच्या पोटावरून आणि पायांवरून नजर फिरवताना ज्यांनी तो जोडला त्यांच्या चिकाटीचं मोल कळतं.

ज्या लेण्यांच्या बेटावरून हा हत्ती आला ती पाहायला जाणं पूर्वी सोपं नव्हतं. सहाव्या शतकाच्या आसपास खोदलेली ही शैव लेणी, आणि त्यांच्या मागच्या भिंतीतली ५ मीटरहून उंच अशी तीन मुखांची सदाशिवमूर्ती. डावीकडचं उग्र मुख, उजवीकडचं कोमल मुख आणि मधलं मिटल्या डोळ्यांचं शांत मुख हे सगळं लेण्याच्या अंधुक उजेडात डोळे सरावल्यावरच दिसू लागतं. सकाळी लवकर गेलेल्याला ते चांगलं पाहायला मिळतं. १९८७ मध्ये युनेस्कोने या लेण्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, पण बेटावरच्या गावांत कायमची वीज पोहोचायला २०१८ साल उजाडावं लागलं. रोज हजारो पर्यटक संध्याकाळच्या शेवटच्या लाँचने परत जात आणि मागे राहिलेले गावकरी ठरलेल्या वेळापुरत्या जनरेटरवर दिवे लावत. ज्या बेटाची छायाचित्रं जगभर पोहोचली, त्याच्याच रहिवाशांनी इतकी वर्षं वाट पाहावी ही गोष्ट मुंबईला शोभणारी नव्हती.

कापसाच्या पैशाची दुसरी मोठी खूण म्हणजे राजाबाई टॉवर. प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ मध्ये विद्यापीठाला आधी ग्रंथालयासाठी २ लाख आणि मग मनोऱ्यासाठी आणखी २ लाख रुपये दिले. मनोऱ्याला आईचं नाव द्यावं एवढंच त्यांचं मागणं होतं. पुढच्याच वर्षी बाजार बुडाला, प्रेमचंदांचं सगळं गेलं, पण दिलेले पैसे विद्यापीठाकडे सुरक्षित होते. १८७८ मध्ये २८० फूट उंचीचा हा मनोरा पुरा झाला. शहरात त्याहून उंच काही नव्हतं. कोटाच्या भिंती १८६० च्या दशकातच पाडल्या होत्या आणि त्या जागी ओव्हल मैदानाच्या कडेने विद्यापीठ, हायकोर्ट, सचिवालय अशी रांग उभी राहत होती. १८८८ मध्ये पुरं झालेलं बोरीबंदर स्टेशन हा या सगळ्याचा कळस. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स हे त्याचे वास्तुविशारद. त्यांच्या हाताखाली सीताराम खंडेराव वैद्य हे साहाय्यक अभियंता होते, आणि दगडातले मोर, पानंफुलं, प्राण्यांची तोंडं घडवण्यात जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात होता. रोज लाखो माणसं या नक्षीखालून लोकल पकडायला धावतात. पाहुण्याला मात्र तिथे मान वर करून उभं राहायची मुभा असते, आणि तेवढ्यापुरता तरी तो मुंबईकरापेक्षा भाग्यवान.

शहर पाहायचं तर फिरायचं कशाने? १८७४ च्या मे महिन्यात कुलाबा ते पायधुणी घोड्यांची ट्राम सुरू झाली. १९०७ मध्ये ती विजेवर धावू लागली, १९२० मध्ये दुमजली झाली. वरच्या मजल्यावर बसून एका आण्यात शहराची लांबी पार करणं हा पाहुण्यांना घडवायच्या मुंबईचाच एक भाग होता. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदर ते दादर शेवटची ट्राम धावली तेव्हा रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसं निरोप द्यायला उभी होती. ट्रामची जागा दुमजली बसने घेतली. ती १९३७ पासून शहरात होतीच. तिच्या वरच्या मजल्यावरची अगदी पुढची खिडकी मिळावी म्हणून पोरांची जी झटापट होई, ती मुंबई न पाहिलेल्याला सांगून कळायची नाही.

आता टेकडीवर जायचं. मुंबईला नळाचं पाणी मिळू लागलं ते विहार तलावामुळे, १८६० मध्ये. पुढे तुळशी आला, १८९२ मध्ये तानसाचं पाणी आलं. दूरवरून आलेलं पाणी उंचावर साठवायचं आणि उताराने खालच्या वस्त्यांना सोडायचं ही योजना, आणि त्यासाठी मलबार टेकडीवर १८८० च्या दशकात जलाशय बांधला गेला. हँगिंग गार्डन म्हणून जी बाग पाहायला लोक जातात ती या जलाशयाच्या छपरावर आहे. म्हणूनच तिथे मोठे वृक्ष नाहीत, हिरवळ आणि कातरून प्राण्यांचे आकार दिलेली झुडपं आहेत. पायाखालच्या टाकीत १४ कोटी लिटरहून अधिक पाणी मावतं आणि फोर्टपासून गिरगावपर्यंतच्या घरांत तेच पोहोचतं. बागेला नाव फिरोजशहा मेहता यांचं. ज्या माणसाने महापालिकेच्या कारभारात उभं आयुष्य घातलं, त्याचं नाव पाणीपुरवठ्याच्या छपरावरच्या बागेला मिळावं हे अगदी योग्य झालं. रस्त्यापलीकडे १९५२ मध्ये कमला नेहरू पार्क आलं आणि त्यातल्या म्हातारीच्या बुटाने मराठी शाळांच्या सहलींवर कायमचा कब्जा केला. बुटाच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलेल्या मुलाचा फोटो महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत सापडेल.

टेकडीवरून खाली दिसणारा मरीन ड्राइव्हचा कमानदार रस्ता १९२० च्या दशकातल्या बॅकबे भराव योजनेतून निघाला. १,१४५ एकर जमीन समुद्रातून काढायची होती, प्रत्यक्षात ४३९ एकर निघाली. खर्च हाताबाहेर गेला, गैरकारभाराचे आरोप झाले आणि वीर नरिमन यांनी ते प्रकरण धसास लावलं. पण त्याच जमिनीवर पुढच्या दोन दशकांत आर्ट डेको शैलीच्या इमारती उभ्या राहिल्या, आणि ओव्हलच्या पलीकडच्या गॉथिक इमारतींसह त्या २०१८ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेल्या. कठड्यावर समुद्राकडे तोंड करून बसायला तिकीट नाही, वेळेचं बंधन नाही. या शहरातली ही फार मोठी चैन आहे.

स्वातंत्र्यानंतर यादी तीच राहिली, तिच्यातल्या खुणा मात्र बदलल्या. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश फौजेची शेवटची पलटण गेटवेच्या कमानीखालून बोटीवर चढली. २६ जानेवारी १९६१ रोजी कमानीसमोर छत्रपती शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा उभा राहिला. १९६५ मध्ये राजे सातवे एडवर्ड यांचा घोड्यावरचा पुतळा, ज्याला सगळे काळा घोडा म्हणत, फोर्टमधून हलवून राणीच्या बागेत आणला गेला. रस्त्यारस्त्यांवरचे इतर इंग्रज पुतळेही संग्रहालयाच्या आवारात आले. त्यातल्या काहींची नाकं तुटली आहेत, तरी ते जपून ठेवले हे महापालिकेने फार शहाणपणाचं केलं. इतिहास पुसून टाकण्यापेक्षा तो बागेच्या एका कोपऱ्यात उभा ठेवणं केव्हाही बरं. १९७५ मध्ये संग्रहालयाला डॉ. भाऊ दाजी लाड यांचं नाव मिळालं, आणि मोठ्या दुरुस्तीनंतर २००८ मध्ये ते पुन्हा खुलं झालं तेव्हा लोखंडी खांबांवरचा आणि छतावरचा जुना रंग पुन्हा झळकू लागला.

गेटवेपाशी गळ्यात कॅमेरा आणि हातात नमुन्याच्या फोटोंचा अल्बम घेतलेले छायाचित्रकार आजही फिरतात. खांद्याच्या पिशवीत छोटा प्रिंटर असतो, काही मिनिटांत फोटो हातात पडतो. सगळ्यांच्या खिशात मोबाइल असतानाही नांदेड-लातूरकडचं अख्खं कुटुंब पैसे देऊन फोटो काढून घेतं, कारण त्यात सगळे एकत्र येतात आणि कुणाला बाहेर राहावं लागत नाही. यादीत नव्या नावांची भर पडलीच आहे. वांद्र्याचा मन्नत बंगला आहे, २००९ मध्ये सुरू झालेला सी-लिंक आहे. राणीच्या बागेत २०१६ मध्ये दक्षिण कोरियाहून पेंग्विन आले, आणि त्यांना पाहायला सुट्टीच्या दिवशी पुन्हा जुन्यासारखी गर्दी होऊ लागली. झाडांवर प्रेम करणाऱ्या नागरिकांनी त्याआधी बागेतले जुने वृक्ष वाचवण्यासाठी मोठा लढा दिला होता. त्यांचा आग्रह रास्त होता, कारण ही बाग आधी वनस्पतींची आणि मग प्राण्यांची.

२०१७ च्या ऑगस्टमध्ये बागेचं तिकीट मोठ्यांसाठी ५ रुपयांवरून ५० रुपये झालं, तेव्हा बरीच ओरड झाली. त्याच वेळी आई-वडील आणि दोन मुलं अशा चौघांच्या कुटुंबासाठी मिळून १०० रुपयांचं तिकीट ठेवण्यात आलं. लोकवर्गणीतून सुरू झालेल्या बागेत कुटुंबाला सवलत असायलाच हवी. मात्र मुंबई पाहायला येणारं घर चौघांचं क्वचितच असतं. त्यात आजी असते, आत्या असते, शेजारच्यांची दोन पोरं असतात. तिकीट ठरवणाऱ्यांनी पुढच्या खेपेला या माणसांचाही हिशेब धरावा.